मसुरीएवढं

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात.
दोराला धरून लोक रस्ता ओलांडतात
आणि माझ्या औषधांच्या दुकानात शिरतात
ते डोळे बारीक करूनच.
आमच्याकडे वय आधी डोळ्यांच्या कोपऱ्यांत येतं,
केसांत मागाहून.

ऑक्टोबरचे पहिले दिवस. सकाळपासून
उन्हाची पाटी लाल:
आभाळ विरलंय, कातडी सांभाळा.
दुकान बंद करायच्या बेतात असताना एदेलमिरा आली.
खेकड्यांच्या कारखान्यात पाय तोडायच्या टेबलावर असते ती,
हातांना अजून उकळत्या खाऱ्या पाण्याचा वास.
"दानित्सा, डोळ्यांखाली लावायचं क्रीम दाखव.
स्वस्तातलं आधी."

मी काउंटरवर मांडत गेले.
हे सोनेरी झाकणाचं. निम्मे पैसे झाकणाचेच.
ह्याला गुलाबाचा वास, म्हणजे डोळ्यांची आग ठरलेली.
हे रात्रीचं, जरा जहाल,
आठवड्यातून दोनदा, आणि दिवस गेले असतील तर नाहीच.
ती हसली. "एकसष्ट पूर्ण झाली मला."
आणि हे साधं. पांढरं, बिनवासाचं,
पत्र्याची ट्यूब, शेवटपर्यंत गुंडाळत न्यायची.

"काळी वर्तुळं जातात?"
ती झोपेची उधारी, बाई. क्रीम नुसतं व्याज भरतं.
"आणि सुरकुत्या?"
मऊ पडतात. जात नाहीत.
(असं गिऱ्हाइकाला सांगू नकोस, मालक म्हणतो.
बावीस वर्षं म्हणतोय.)

मग तिनं चष्मा काढला.
"मला एकाच डोळ्यापुरतं हवंय."

डावा काचेचा आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक.
मेंढ्यांच्या कुंपणाची तार तुटली तेव्हा ती चौदा वर्षांची होती.
पण इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं:
उजवीकडे सुरकुत्यांचा पंखा पार कानापर्यंत,
डावीकडे घडीच पडलेली नाही.
जो डोळा बघतो त्यालाच उन्हात मिटमिटावं लागतं.

उजव्यासाठीच ना, मी म्हटलं,
आणि ट्यूब पुढे सरकवलीसुद्धा.
"उजव्याला काय धाड भरलीय?
हा डावा रात्री नीट मिटत नाही.
पापणी कोरडी पडते, कडेनं सोलते,
उशीच्या अभ्र्यावर कोंडा."

किती वर्षं मी हिला खोकल्याचं औषध देतेय,
पाठीचं मलम देतेय,
आणि बोलताना नेमकी उजव्या डोळ्याशी बोलतेय.
डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते
एवढं पातळ असतं.

ये इकडे दिव्याखाली, म्हटलं.
करंगळीशेजारचं बोट घ्यायचं,
त्याच्यात जोर नसतो म्हणून.
मसुरीएवढं. जास्त नको.
हाडाच्या कडेकडेनं थापटत यायचं, चोळायचं नाही,
पापणीच्या काठापासून लांब.
खरं तर आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबावं.
"आणि चुकून आत गेलं तर?"
मी उत्तर शोधायला लागले
तोवर तीच म्हणाली, "काच आहे ग. पुसेन."
आम्ही दोघी एवढ्या हसलो
की बाहेर दोराला लटकलेला एक पोरगा वळून बघायला लागला.

मग तिनं उजवा मिटला.
डावा उघडाच राहिला, करड्या रंगाचा,
माझ्या बोटाकडे न बघणारा.
त्याच्याखालची कातडी
लसणाच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
मी थापटत राहिले.
गरजेपेक्षा थोडं जास्तच वेळ.

तिनं नाणी मोजून दिली, तीस पेसो कमी पडले, राहू दे म्हटलं.
बाहेर पडताना चष्मा, टोपी, टोपीवर गाठ मारून रुमाल.
एका हातात दोर.
दुसरा हात कोटाच्या खिशात, ट्यूबवर.

शटर ओढताना लक्षात आलं,
बोटावर थोडं उरलंय.
फुकट कशाला घालवा.